न केलेल्या क्लेमचा मालक

शोरूममधल्या मुलीने नव्या गाडीच्या किमतीचा कागद माझ्यापुढे सरकवला. तो मी नेहमीसारखा खालून वर वाचत गेले. आधी बेरीज बघायची, मग ती कशाने फुगली ते शोधत वर चढायचं. विम्याच्या तपशिलाशी आले आणि थांबले. ‘नो क्लेम बोनस’ असं छापलं होतं आणि त्यापुढे शून्य.

“इथे चूक झालीये,” मी म्हणाले. “पन्नास टक्के हवेत. अकरा वर्षांत एक क्लेम नाही माझा.”

तिने मी दिलेली जुनी पॉलिसी पुन्हा उघडली. “मॅडम, ही सरांच्या नावावर आहे.”

“असेल. पण गाडी मी चालवते.”

“नवी गाडी कोणाच्या नावावर घेताय?”

“माझ्या.”

“मग बोनस नाही बसणार. बोनस सरांचा आहे ना.”

सर त्या वेळी शोरूमच्या मधोमध उभ्या केलेल्या गाडीत मागच्या सीटवर बसून गुडघे पुढे टेकतात का ते तपासत होते. माझा नवरा ओझरच्या विमान कारखान्यात आहे. सकाळी कंपनीच्या बसने जातो, संध्याकाळी कंपनीच्या बसने येतो. लायसन्स त्याच्याकडे लग्नाच्या आधीपासून आहे. जुनी गाडी घेतली तेव्हा तो ड्रायव्हरच्या जागेवर दोनदा बसला. दुसऱ्या वेळी सोसायटीच्या गेटमधून मागे घेताना डावा आरसा गेटच्या खांबाला देऊन आला, उतरला, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, “तू चालव. मी रस्ता बघतो.” तेव्हापासून तो रस्ता बघतो आहे.

ज्यांना हा बोनस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वर्षभरात विमा कंपनीकडे भरपाई मागितली नाही, तर पुढच्या वर्षी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठीचा जो हप्ता असतो, त्यात वीस टक्के सूट मिळते. दुसऱ्या वर्षीही मागितली नाही तर पंचवीस, मग पस्तीस, पंचेचाळीस, आणि पाच वर्षांनी पन्नास. तिथे ती थांबते. मध्येच एक क्लेम केला की सगळं पुसलं जातं. आमच्या गाडीला सहा वर्षांपासून पन्नास टक्के मिळत होते आणि ते मी मिळवलेत असं मी धरून चालले होते.

“शुक्रवारपर्यंत नाव सांगा,” मुलगी म्हणाली. “म्हणजे दसऱ्याच्या आत रजिस्ट्रेशन होईल. जुनी गाडी आम्ही घेतोच आहोत. सरांच्या नावावर घेतली तर बोनसचं पत्र तेवढं आणून द्या, लगेच पन्नास टक्के लावते.”

दिवस होता सोमवार.

घरी आल्यावर मी वहीत गाडीचं पान उघडलं. सर्व्हिसिंग, टायर, पीयूसी यांच्यानंतर एक अख्खं पान ओरखड्यांचं आहे. अकरा वर्षांत सात. पहिला गेटच्या खांबाचा, तो सरांचा. बाकीचे सहा माझ्या हातून किंवा माझ्या हजेरीत. मी एका संस्थेच्या शिवणवर्गांची देखरेख करते. लासलगाव, ओझर, सुरगाणा अशी केंद्रं आहेत आणि आठवड्यातले तीन दिवस मी गाडीत असते. त्या मानाने सहा काही फार नाहीत.

त्यातला सगळ्यात मोठा लासलगावचा. कांद्याचे लिलाव सुरू होते, बाजार समितीच्या रस्त्याला ट्रॅक्टरांची रांग. मी थांबलेलीच होते. एका ट्रॉलीचा मागचा कोपरा माझ्या दाराला घासत गेला. आवाज असा आला की दोन्ही बाजूंनी माणसं धावली. ट्रॅक्टरवाला उतरला, हात जोडून म्हणाला, “ताई, चुकलं. लय गर्दी हाय, काय दिसंना.” मग दारावरून हात फिरवून त्याने मलाच धीर दिला, “पत्रा फाटला नाय. नुसता दबलाय.” शेजारच्या टपरीवरचा एक जण ओरडला, “विमा असंल ना ताई, करा की क्लेम!” मी मान हलवली आणि नाशिकला येऊन थेट सातपूरच्या डेंटिंगवाल्याकडे गाडी लावली. क्लेम करायचा विचारही मनात आला नाही. पंचेचाळीसावर होते मी तेव्हा. चार महिन्यांनी पन्नास होणार होते.

म्हणजे ते सहा ओरखडे मी गुपचूप निस्तरले आणि त्याचं बक्षीस रस्ता बघणाऱ्याला मिळालं. रागापेक्षा मला आश्चर्य जास्त वाटत होतं. मी वहीत नवं पान घेतलं आणि वर लिहिलं : ‘गाडीचा विमा कशाने वाढतो, कशाने कमी होतो’. खाली एकच प्रश्न आधी लिहिला. कोण चालवतं याने काही फरक पडतो का?

मंगळवारी संध्याकाळी आमचे विम्याचे एजंट आले. पंचवटीत राहतात, जुन्या गाडीची पॉलिसी पहिल्यापासून तेच करतात. मी त्यांना भाऊ म्हणते. ते चहा घेत नाहीत असं म्हणतात आणि मग दोन कप घेतात.

“भाऊ, बायकांना विमा स्वस्त पडतो म्हणतात, ते खरं का?”

“वहिनी, कंपनीला तुमच्या बांगड्या दिसत नाहीत. चेसिस नंबर दिसतो.” मग जरा थांबून म्हणाले, “एखाद-दुसरी कंपनी देते बायकांच्या नावावर थोडी सूट. पण ती मालक बाई असेल तर. चालवणारी बाई असेल तर नाही.”

“मग बघतात तरी काय?”

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मी लिहायला. गाडी कोणती, तिची आजची किंमत किती. चोरीला गेली किंवा पार चेंदामेंदा झाली तर कंपनी जास्तीत जास्त जी रक्कम देईल ती हीच, त्यामुळे हप्ता कमी दाखवायला कोणी ती किंमत कमी धरली तर हुरळून जाऊ नका. इंजिन केवढं. पेट्रोल की सीएनजी. गाडी किती जुनी. कोणत्या शहरात नोंदवली. मुंबई-पुण्यापेक्षा नाशिकला थोडा कमी लागतो. दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा जो थर्ड पार्टी भाग असतो, त्याचा दर सरकार ठरवतं, इंजिनाच्या मापावर. तो माझ्याकडून घ्या की दुकानातून, सारखाच. नव्या गाडीला तो तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. सूट मिळते ती फक्त स्वतःच्या गाडीच्या भागावर.

“आणि हे वरचे लाड,” भाऊंनी शोरूमच्या कागदावर बोट ठेवलं. “किल्ली हरवली तर कव्हर. वहिनी, तुमची किल्ली कधी हरवली आहे?”

“नाही.”

“मग कशाला? झिरो डेप ठेवा, नव्या गाडीला पाहिजेच. म्हणजे प्लॅस्टिकचे, रबराचे भाग बदलताना कंपनी झीज कापत नाही. इंजिनाचं कव्हर ठेवा. आमच्याकडे पावसाळ्यात गोदावरी पार्किंगमध्ये येऊन जाते, मी बघतो ना दरवर्षी. लोक पाण्यात गेलेली गाडी स्टार्ट मारतात आणि मग माझ्याकडे येतात. बाकीचं काढून टाका.”

मी खाली रेघ मारली. “आणि कोण चालवतं?”

“वैध लायसन्स असलेलं कोणीही.”

“तसं नाही. चांगलं चालवतं की वाईट, हे कुठे लिहितात?”

“कुठेच नाही.”

“मग बोनस कोणाला देतात?”

“मालकाला. क्लेम केला नाही म्हणून.”

“क्लेम मी केला नाही ना!”

भाऊ हसले. “अहो, नाही म्हणजे, न केलेल्या क्लेमवर नाव कोणाचं असणार? ज्याला करायचा अधिकार होता त्याचं.”

हे मला पटलं नाही, पण समजलं. मी विचारलं, नवऱ्याच्या नावावरून बायकोच्या नावावर हा बोनस करता येत नाही का? एकाच घरात तर आहोत.

“नाही. गाडी नावावर करता येते. बोनस नाही.” मग ते थोडे अडखळले. “एकाच परिस्थितीत बायकोला मिळतो. वारस म्हणून. गाडी तिच्याकडे आली तर.”

“वारस म्हणजे?”

“म्हणजे… सर नसतील तर.”

नवरा शेजारी बसून भडंग खात होता. त्याने हात थांबवला. “एवढ्या पन्नास टक्क्यांसाठी नको गं,” तो म्हणाला.

भाऊंनी दुसरा कप मागितला.

बुधवारी आमची भिशी होती. आठ जणी आहोत, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो. मी आदल्या रात्री ग्रुपवर निरोप टाकला होता की येताना आपापल्या गाडीची पॉलिसी फोनवर घेऊन या. एकीने लगेच उत्तर पाठवलं, “बाई, डबा घेऊन या म्हण, भाकरी घेऊन या म्हण. पॉलिसी काय?” पण आणल्या सगळ्यांनी. कुतूहल एकटीलाच नसतं.

आठ जणींच्या आठ गाड्या. सहा जणी स्वतः चालवतात. आठांपैकी फक्त दोन गाड्या बाईच्या नावावर निघाल्या. एक आमच्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीची. तिने लग्नाआधीच स्वतःच्या पगारातून स्कूटर घेतली होती आणि मग गाडीही तशीच. तिच्या पॉलिसीत बाई म्हणून थोडी सूट होती खरी, पण तिच्याच पंचेचाळीस टक्के बोनसपुढे ती चिमूटभर.

दुसरी गाडी जिच्या नावावर होती, तिने आयुष्यात स्टीअरिंगला हात लावलेला नाही.

“मग तुझ्या नावावर का?”

“पत्रिकेत वाहनयोग माझा आहे. यांच्या पत्रिकेत नाही. गुरुजींनी सांगितलं, हिच्या नावावर घ्या.”

“पत्रिकेत वाहन आहे आणि पायाला क्लच माहीत नाही,” शिक्षक मैत्रीण म्हणाली.

“हसा तुम्ही. बोनस बघा माझा.” तिने फोन पुढे केला. शून्य. “तीन क्लेम झालेत. मुलगा कॉलेज रोडला चालवतो. एकदा दुभाजक, एकदा रिक्षा, एकदा म्हणे कुत्रं आडवं आलं. आणि दर वेळी सही कोणाची? माझी. कंपनीच्या दृष्टीने नाशिकमधली सगळ्यात वाईट ड्रायव्हर मी आहे.”

हसू थांबायला वेळ लागला. मला वहीतलं विम्याचं पान पुन्हा बघावंसं वाटलं. माझा नवरा कागदावर शहरातल्या सगळ्यात सांभाळून चालवणाऱ्यांपैकी एक, आणि ही बाई सगळ्यात बेदरकार. दोघंही गाडीत बसून रस्ता बघतात.

“सोनं आपल्या अंगावर, गाडी त्यांच्या नावावर,” कोणीतरी म्हणालं.

“आणि सोनं तरी कुठे,” दुसरी माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. “लॉकर कोणाच्या नावावर आहे, विचार हिला. उद्या तेही पान काढेल.”

तेवढ्यात शिक्षक मैत्रीण माझी पॉलिसी वाचत होती. वाचनाची सवय तिला माझ्याहून जास्त. तिने चष्मा वर केला. “हे मालक-चालक अपघात विमा काय आहे? यात तर तुझ्या नवऱ्याचं नाव आहे. तू नॉमिनी आहेस.”

“हो, तो सक्तीचा असतो. चालवताना काही झालं तर.”

“कोणाला काही झालं तर?”

ती ओळ मी अकरा वर्षं बघितली होती. दर वर्षी तिच्यापुढे बरोबरची खूण केली होती. नवऱ्याचं लायसन्स चालू असावं लागतं म्हणून त्याचं नूतनीकरण मी मुदत संपायच्या दोन महिने आधी करून घेतलं होतं. पण हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. मी तिथूनच भाऊंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“भाऊ, मी एकटी सुरगाण्याला जाते. घाट आहे, समोरून जीपगाड्या माणसं लादून येतात. मला काही झालं तर हा अपघात विमा मला आहे ना?”

“हा मालकाचा असतो वहिनी. मालक चालवत असेल किंवा गाडीत बसला असेल तर.”

“आणि मी?”

“तुम्ही मालक नाही.”

“म्हणजे मी दर गुरुवारी घाट चढते आणि ज्याचा विमा आहे तो कारखान्यात बसलेला असतो.”

“तुमच्यासाठी वेगळं घेता आलं असतं. तुम्ही कधी विचारलं नाही आणि…” भाऊंनी वाक्य सोडून दिलं. “माझंही चुकलं. सांगायला पाहिजे होतं.”

मग पाच जणींनी आपापले फोन पुन्हा उघडले आणि तीच ओळ शोधायला लागल्या.

त्या रात्री मी नवऱ्यावर चिडले. निमित्त भाजीतल्या मिठाचं होतं, पण त्याला कळलं. “गाडी माझ्या नावावर मी घेतली नव्हती,” तो म्हणाला.

“मग कोणी घेतली?”

“तू.”

“काहीतरी काय. शोरूमवाल्यांनी पुरुष बघून नाव टाकलं असेल.”

“मी त्या दिवशी ड्यूटीवर होतो. तू एकटी गेली होतीस बुकिंगला.”

माझ्याकडे जुन्या गाडीची फाईल आहे. पहिल्या दिवसापासूनचे कागद, तारखेप्रमाणे. गुरुवारी सुरगाण्याहून परतल्यावर मी ती कपाटातून काढली. सगळ्यात खाली बुकिंगच्या फॉर्मची प्रत, त्यावर विम्याच्या अर्जाची प्रत. फॉर्म निळ्या शाईच्या पेनाने भरलेला. मालकाचे नाव : नवऱ्याचं. त्याचा जन्मदिनांक, त्याचा पत्ता, त्याचा लायसन्स नंबर. सगळं सुबक, एकही खाडाखोड नाही. अक्षर माझं. फक्त सही त्याची, तीही मी जिथे पेन्सिलने फुली मारली होती तिथे.

मी बराच वेळ तो फॉर्म हातात घेऊन बसले. आठवायचा प्रयत्न केला की ते नाव लिहिताना मी काय विचार केला होता. आणि खरं सांगायचं तर काहीच केला नव्हता. गॅसचं कनेक्शन, लाईट बिल, रेशनकार्ड, मुलीच्या शाळेचा दाखला, मी आयुष्यात भरलेल्या प्रत्येक फॉर्ममध्ये ‘मुख्य नाव’ म्हटलं की हात त्याच अक्षरांकडे वळतो. गाडी शिकले मी, पसंत केली मी, पहिल्या दिवशी शोरूममधून घरी आणली मी. आणि मालकाचा रकाना आल्यावर कोणी न सांगता दुसऱ्याचं नाव लिहिलं. मीच.

नवरा मागे येऊन उभा होता. “मी विचारलं होतं तुला,” तो म्हणाला. “माझं नाव कशाला, तूच चालवणार ना, असं म्हणालो होतो. तू म्हणालीस, असू द्या हो, तुमची कागदपत्रं तयार आहेत.”

मला हे अजिबात आठवत नाही. वहीतही नाही. पण वाक्य माझं वाटतं.

“अहो, मग तेव्हा जरा जोर का नाही केला?”

“तुझ्या फाईलच्या कामात कोण जोर करणार?” तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी मी दोन रकाने केले. डावीकडे त्याचं नाव, उजवीकडे माझं. डावीकडे पन्नास टक्के सूट, आणि भाऊंनी फोनवर सांगितलेला उपाय : माझ्यासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढायचा, तो गाडीबाहेरही चालतो. म्हणजे सूटही राहते आणि घाटाचीही सोय होते. उजवीकडे शून्य. वर्षभर नीट गेलं तर वीस. पन्नासापर्यंत पोचायला पाच वर्षं, तेव्हा मी चोपन्न वर्षांची असेन. नको असलेली कव्हरं काढून आणि विमा शोरूमऐवजी भाऊंकडून घेऊन थोडा फरक भरून निघत होता, पण सगळा नाही.

यादीप्रमाणे डावा रकाना जिंकत होता. मी यादीप्रमाणे वागणारी आहे, म्हणून पुन्हा तपासला. तेव्हा लक्षात आलं की एक गोष्ट दोन्ही रकान्यांत लिहायची राहिली. आज सूट घ्यायची म्हणून त्याच्या नावावर घेतली, तर पुढची गाडीही त्याच कारणाने त्याच्याच नावावर येणार. त्यानंतरचीही. जेव्हा कधी बाहेर पडेन तेव्हा पन्नासच सोडावे लागणार, ना कमी ना जास्त. ते स्वस्तात सुटण्याचा दिवस कधी येणारच नव्हता, एक भाऊंनी सांगितलेला सोडला तर.

मी नवऱ्याला विचारलं. तो बससाठी बूट घालत होता.

“तुझ्या नावावर कर,” तो म्हणाला. “आणि माझं ते पत्र मागून घे. बोनसचं.”

“त्याचं काय करणार? तुमच्या नावावर गाडी घेतली तरच चालतं. आणि तेही तीन वर्षंच.”

“करायचं काही नाही. पण एवढं चांगलं प्रमाणपत्र मला दुसरं कोणी दिलेलं नाही.”

पत्र दुपारपर्यंत फोनवर आलं. संध्याकाळी शोरूममध्ये त्याने ते मोठ्याने वाचलं, की या ग्राहकाने सदर काळात कोणताही दावा केलेला नाही. मग शोरूमच्या मुलीकडे बघून म्हणाला, “शंभर टक्के खरं आहे. मी काहीही केलेलं नाही.” भाऊही विम्याचा अर्ज घेऊन तिथेच आले होते. ते इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

अर्ज मी भरायला घेतला. मालकाचे नाव. इथे मी पेन क्षणभर वर धरला. विचार करायचा काही उरला नव्हता, पण हाताला सवय नव्हती. मग लिहिलं. नॉमिनीत नवऱ्याचं नाव आणि नातं. मागील बोनस : शून्य. मालक-चालक अपघात विमा : हो.

“त्यासाठी लायसन्स नंबर लागेल, वहिनी,” भाऊ म्हणाले. “आणि किती तारखेपर्यंत चालू आहे ते.”

नवऱ्याचा लायसन्स नंबर मला पाठ आहे. स्वतःचा नव्हता. अकरा वर्षांत विम्याच्या कुठल्याही कागदाने तो मला विचारलाच नव्हता. मी पर्समधून कार्ड काढून भाऊंच्या हातात दिलं. त्यांनी ते चष्म्याजवळ नेलं, मग दूर नेलं, मग पुन्हा जवळ आणलं.

“वहिनी, हे डिसेंबरात संपतंय. पन्नाशीला एकदा करावं लागतं. संपलं आणि मध्ये काही झालं तर मी अपघात विम्याचं काहीच करू शकणार नाही. आणि गाडीच्या क्लेमचंही.”

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. वही उघडली, ‘नूतनीकरण’ या पानावर त्याच्या नावाखाली दोन ओळी होत्या, त्या मी पाच वर्षांपूर्वीच खोडलेल्या. त्यांच्याखाली माझं नाव लिहिलं, पुढे डॉक्टरांचा दाखला, ऑनलाईन अर्ज, आरटीओची तारीख, आणि कंसात : विमा सुरू होण्याआधी जमणार नाही, पण डिसेंबरच्या आत. मग भाऊंकडून कार्ड परत घेतलं आणि अर्जाच्या रकान्यात एकेक आकडा बघून बघून उतरवला.